डिड यू? हॅज ही? फेअर इनफ!

कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवतच नाहीये. इंग्रजीच्या पोटात आणखी एक अख्खं इंग्रजी आहे! शाळेच्या पुस्तकात ते नव्हतं, बँकेच्या परिपत्रकांत नव्हतं, वर्तमानपत्रात नव्हतं, आणि इथले लोक मात्र बसमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या खिडकीशी दिवसभर तेच बोलत असतात. ते ऐकणाऱ्याचं इंग्रजी आहे. समोरचा काही सांगतोय, आपण ऐकतोय, आणि ऐकता ऐकता आपल्या तोंडून जे 'म्हं', 'राइट', 'ओह', 'डिड यू?', 'फेअर इनफ' चाललेलं असतं ना, ते! एकदा ते कानाला लागलं आणि आता मी जाईन तिथे तेच टिपत असते.

मी सांगलीची. नोकरी सगळी बँकेत झाली. इंग्रजीत टिपणं लिहिली, ऑडिटरच्या शेऱ्यांना मुद्देसूद उत्तरं दिली, मुख्य कार्यालयाशी पत्रव्यवहार केला. आता लीड्सला मुलीकडे आले आहे. आपण शिकलो ते सगळं इंग्रजी बोलणाऱ्याचं, हे मला इथे येऊन कळलं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे वाक्यं करायला शिकवतात: कर्ता, क्रियापद, काळ, वचन. पण दुसरा बोलत असताना आपण काय करायचं, याचा धडा मला कुठे भेटला नव्हता, आणि संभाषणात निम्मा वेळ तर आपण ऐकतच असतो!

सापडलं ते लेकीच्या एका फोनमुळे. ती इथे फिजिओथेरपिस्ट आहे. संध्याकाळी कामावरच्या मैत्रिणीचा फोन आला, मी शेजारी बसून मेथी निवडत होते, आणि मला फक्त लेकीची बाजू ऐकू येत होती. 'हाय, यू ऑल राइट?... म्हं... म्हं-हं... राइट... राइट... ओह, राइट!... नो!... ही डिडन्ट!... ओह, फॉर गुडनेस सेक... येआ... येआ, फेअर इनफ... राइट. ओके देन. बाय, बाय, बाय.' एवढंच. सांगण्यासारखं एकही वाक्य तिने उच्चारलं नाही, आणि मला पलीकडची गोष्ट जवळजवळ सगळी कळली! मैत्रीण काही सांगत होती, मधेच काहीतरी अनपेक्षित निघालं, कुणा पुरुषाने करू नये ते केलं, त्यावर मैत्रिणीने काही ठरवलं, ते हिला रास्त वाटलं, आणि बोलणं आटोपलं. ऐकणारीच्या हुंकारांवरून गोष्ट कळते!

आणि त्यातले ते 'राइट'! पहिले दोन खालच्या, सपाट आवाजात, म्हणजे हं, ऐकतेय, पुढे सांग. तिसरा 'ओह'ला जोडून, आवाज वर जाऊन खाली उतरलेला, म्हणजे असं होय, हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटचा तुटक, ठाम, म्हणजे चला, आवरू या आता. या तिन्हींत 'बरोबर' हा अर्थ कुठे आहे? मेथी तशीच ठेवली आणि तिला विचारलं, अगं, हे काय आहे? ती म्हणाली, 'आई, तू फोनवर मावशीशी हं हं करतेस ना, तेच आहे हे. पेशंट गुडघ्याचं सांगत असतो तेव्हा मी नुसती लिहीत बसले तर तो दोन वाक्यांत गप्प होतो. म्हं, राइट, ओह नो करत राहिले की मागे कधीतरी जिन्यावरून पडला होता तेही सांगतो, आणि मला नेमकं तेच हवं असतं.'

त्या रात्री मला झोप कुठली! शोधत सुटले, तर लक्षात आलं की मोठमोठ्या माणसांनी या 'म्हं-हं'वर आयुष्यातली वर्षं घालवली आहेत. अमेरिकेत चार्ल्स फ्राइज नावाच्या अभ्यासकाने टेलिफोनवरची सुमारे 50 तासांची खरीखुरी बोलणी ध्वनिमुद्रित करून त्यांवरून इंग्रजीच्या रचनेचं पुस्तक लिहिलं, ते 1952 साली आलं, आणि एकाचं बोलणं चालू असताना दुसरा 'येस', 'आय सी', 'गुड', 'ओह' असं काय काय म्हणतो याची त्याने त्यात नोंद केली. 1970 साली व्हिक्टर यिंग्वे यांनी या सगळ्याला 'बॅक चॅनल' असं नाव दिलं. बोलणं एका वाटेने येतं आणि त्याच वेळी मागच्या वाटेने ऐकणाऱ्याची पोच परत जात असते. मग 1982 साली इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी दाखवलं की 'अ-हं' म्हणणारा नुसता लक्ष देत नसतो. आता बोलायची पाळी घेण्याची संधी आहे, पण मी ती घेत नाही, तूच चालू ठेव, असं तो सांगत असतो. दोन अक्षरांत केवढं सौजन्य!

1984 साली तर दोन रत्नं सापडली. जॉन हेरिटेज यांनी एकट्या 'ओह'चा अभ्यास केला. 'ओह' म्हणजे आत्तापर्यंत मला हे माहीत नव्हतं, आता झालं. मनातली स्थिती पालटली की 'ओह' निघतो. म्हणून तर कुणी नवी बातमी दिली आणि आपण नुसतं 'येस' म्हटलं तर सांगणाऱ्याचा हिरमोड होतो, कारण त्याला वाटतं हिला आधीच ठाऊक होतं. आणि गेल जेफरसन यांनी पाहिलं की माणूस ऐकण्याच्या बेतात असतो तोवर 'म्हं-हं' म्हणतो आणि स्वतः बोलायला निघाला की बहुधा 'येआ'वर येतो. हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मागच्या सीटवरच्या दोन बायकांकडे कान लावून बसले. खरोखर तसंच! एक सांगत होती, दुसरी म्हं-हं, म्हं-हं करत होती, मग तिचं 'येआ' झालं, आणखी एक 'येआ' झालं, आणि मी मनात म्हटलं, आता ही बोलणार. बोललीच!

1990च्या सुमाराला अमेरिकेत फोनवरच्या संभाषणांचा एक मोठा संग्रह झाला, 'स्विचबोर्ड' नावाचा. त्यातल्या हजाराहून जास्त संभाषणांचा तुकडा न्‌ तुकडा अभ्यासकांनी वर्गवार लावला, तेव्हा नुसत्या हुंकारांचा वाटा जवळपास 19 टक्के निघाला. दर पाच तुकड्यांमागे जवळजवळ एक! कुठल्याही भाषेच्या वर्गात एवढी मोठी गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवायला हवी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते कॅनडातल्या एका प्रयोगाने. जॅनेट बाव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. एकाने आपल्यावर बेतलेला एखादा प्रसंग सांगायचा, थोडक्यात वाचलो असा, आणि दुसऱ्याने ऐकायचं. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळंच काम दिलं होतं, सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'टी'पासून सुरू होणारे शब्द मोजायचे. ते शब्द मोजत राहिले, त्यांच्या तोंडून वेळच्या वेळी 'ओह!' निघेना, श्वास रोखला जाईना, आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या! विशेषतः शेवट. ऐन रंगात यायच्या जागी सांगणारे अडखळले, शेवट एकदम गुंडाळला, किंवा त्यात एवढं भयंकर काय होतं हे समजावत बसले. म्हणजे गोष्ट दोघं मिळून सांगतात! आपल्याकडे शाहिराला हे केव्हाचं ठाऊक आहे. मागे झीलकरी 'जी जी रं जी' करायला नसतील तर पोवाडा चढेल का?

आता बाजाराकडे येते. लीड्सचं कर्कगेट मार्केट माझं फार आवडतं ठिकाण आहे. त्याची पुढची देखणी इमारत 1904ची. आत भाजीवाले, मासळीवाले, कापडवाले, आणि सगळ्यांच्या तोंडी 'लव्ह'. तिथे मला 'लव्हली' सापडलं. भाजीवालीने विचारलं, 'दॅट ऑल, लव्ह?' मी म्हटलं, 'दॅट्स इट, थँक्स.' ती म्हणाली, 'लव्हली.' पैसे दिले, 'लव्हली.' पिशवी पुढे केली, 'लव्हली.' दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी जन्मतारीख विचारली, मी सांगितली, 'लव्हली.' पत्ता सांगितला, 'परफेक्ट.' फोन नंबर सांगितला, 'ब्रिलियंट.' माझ्या फोन नंबरचं ते कौतुक नव्हे. सांगितलंत ते पोचलं, आता पुढचं द्या, एवढंच ते आहे. पण पोच द्यायची ती इतक्या गोड शब्दांत, हे मला मनापासून आवडलं, आणि आता मीही सुट्टे पैसे हातात पडले की 'लव्हली' म्हणते.

याच बाजारात 1884 साली मायकेल मार्क्स नावाच्या तरुणाने पेनी बाजाराची टपरी मांडली होती. मूळचा स्लोनिमचा, आजच्या बेलारूसमधला, ज्यू निर्वासित. इंग्रजी त्याला फारसं येत नव्हतं, म्हणून त्याने पाटीच लावली की किंमत विचारू नका, सगळं एक पेनी, असं सांगतात. पुढे त्याचंच मार्क्स अँड स्पेन्सर झालं. मी त्या बाजारात उभी राहून विचार करते, वाक्यं जुळवता येत नव्हती तेव्हाही गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकताना या माणसाच्या तोंडी 'अय्, लव्ह' आधी बसलं असणार. परक्या भाषेत आधी ऐकणाराच व्हायचं असतं, आणि त्याला शब्द लागतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके!

सगळ्यांत सुंदर प्रकार मात्र उलट प्रश्नाचा आहे. कुणी म्हणालं, 'आय वेन्ट टु व्हिटबी यस्टरडे,' तर म्हणायचं, 'डिड यू?' 'इट वॉज फ्रीझिंग.' 'वॉज इट?' 'माय सिस्टर्स गॉट अ न्यू डॉग.' 'हॅज शी?' प्रश्न विचारला असं कुणालाच वाटत नाही, उत्तर कुणी देत नाही, सांगणारा आणखी खुशीत येऊन पुढे सांगू लागतो. आपणही करतो हे: 'काल महाबळेश्वरला गेले होते.' 'गेली होतीस?' पण आपण मुख्य क्रियापद उचलतो आणि इंग्रज ते तिथेच सोडून फक्त मदतनीस उचलतो. शाळेत डू, डज, डिड, हॅज, हॅव ही सहायक क्रियापदं घोकली होती, ती अशी दुसऱ्याचं बोलणं अलगद झेलायच्या कामी येतात! वाक्यात नकार असेल तर आपल्याकडेही नकारच ठेवायचा. 'आय हॅवन्ट स्लेप्ट अ विंक.' 'हॅवन्ट यू?' आवाज हलका ठेवला तर आपुलकी, एकदम वर चढवला तर खरंच की काय!

याची तालीम आम्ही स्वयंपाकघरात करतो. मी पोळ्या लाटते, लेक वाक्य टाकते, मी झेलते. 'शीज मूव्हिंग टु यॉर्क.' 'इज शी?' 'शीज मूव्ह्ड टु यॉर्क.' 'हॅज शी?' कानाला दोन्हींतलं 'शीज' अगदी सारखं लागतं! एकात 'इज' दडलेला असतो, दुसऱ्यात 'हॅज', आणि पुढच्या क्रियापदाचं शेपूट ऐकल्याशिवाय कोणता ते कळत नाही. 'ही'ड'चंही तसंच, 'ही'ड गॉन'ला 'हॅड ही?' आणि 'ही'ड लव्ह दॅट'ला 'वुड ही?'. म्हणजे एवढासा हुंकार द्यायचा तर वाक्य शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकावं लागतं. आणि म्हणूनच सांगणाऱ्याला तो इतका सुखावतो, कारण खरंच ऐकल्याचा तो पुरावा असतो. जावई ऑफिसातून आले की तेही या खेळात उतरतात आणि मुद्दाम अवघड वाक्यं टाकतात.

मग तो दिवस उजाडला. शेजारच्या आजी, माझ्याहून वयाने मोठ्या, कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. एरवी आमचं 'मॉर्निंग' आणि 'कोल्ड टुडे' यापलीकडे जात नसे. त्या म्हणाल्या, नातू आता मोठ्या शाळेत जायला लागला, 'ही'ज स्टार्टेड बिग स्कूल.' माझ्या तोंडून निघालं, 'हॅज ही?' बस्स! त्यांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि कुंपणाशी आल्या. पहिल्या दिवशी तो रडला नाही, त्याची आईच रडली. मी 'ओह, ब्लेस हर.' गणवेशाची बाही हाताच्या खाली येते, वाढत्या अंगाचा घेतलाय. मी 'म्हं-हं.' डबा मात्र तसाच परत आणतो. मी 'ओह नो, डझ ही?' मग नवऱ्याच्या आजारपणाचं निघालं, आवाज बारीक झाला, तेव्हा मी 'ओह डिअर' म्हटलं आणि पुढे काहीच म्हटलं नाही. तेवढं पुरेसं होतं, त्यांनी मान हलवली आणि बोलत राहिल्या. केवढा वेळ बोलत होतो आम्ही! माझ्या वाट्याची वाक्यं मोजायला गेलं तर नसल्यातच जमा, आणि निघताना त्या म्हणाल्या की तुमच्याशी बोलून छान वाटलं. मला तर अंगणातून उड्या मारत घरात जावंसं वाटलं!

'फेअर इनफ'वर माझा विशेष जीव जडला आहे. बसस्टॉपवर दोन म्हातारे गृहस्थ बोलत होते. एक म्हणाला, मी आता गावात गाडी नेतच नाही, पार्किंग परवडत नाही. दुसरा नुकतंच आपल्या गाडीचं गुणगान करून थांबला होता, तो म्हणाला, 'फेअर इनफ,' आणि विषय पावसावर गेला. तुझं मला पटलंच असं नाही, पण तुझं कारण रास्त आहे, मी ताणत नाही. दोन शब्दांत वाद मिटतो आणि कुणी हरत नाही. जाऊबाई आणि मी दिवाळीच्या फराळावरून ज्या चर्चा करत आलो, त्यांत हे शब्द हाताशी असते तर किती बरं झालं असतं! 'मेक्स सेन्स' याच्या जवळचं, पण त्यात पटलेलं असतं. 'पॉइंट टेकन'मध्ये तर आपण थोडं मागे सरकतो. 'गॉट इट' म्हणजे सूचना कळली, करते. 'नोटेड' लिहिताना चालतं, तोंडाने म्हटलं तर जरा कोरडं वाटतं, असं लेकीचं म्हणणं.

काही शब्द वरवर दिसतात त्याच्या उलटे आहेत. 'टेल मी अबाउट इट' म्हणजे मला सांग असं नव्हेच, अगं, मला विचार, मीही त्यातूनच जातेय! 'आय नो' आवाज लांबवून म्हटलं तर मला आधीच माहीत होतं असा तोरा त्यात नसतो, अगदी अगदी, असं असतं. 'यू आर ऑल राइट' म्हणून कुणी हात हलवला तर नको, राहू दे, काही हरकत नाही. आणि आमच्या या यॉर्कशायरकडे आश्चर्य वाटलं की म्हणतात 'गेट अवे!' आणि 'नेव्हर!', ते ऐकून निघून जायचं नसतं, उलट खुर्ची पुढे ओढून आणखी सांगायचं असतं.

आणि सगळ्यांत आनंदाची गोष्ट ही की या इंग्रजीचा पाया आपल्या घरातच घातलेला आहे. 'म्हं' आणि आपला 'हं' एकाच आळीतले! ऐकू आलं नाही की आपण 'अं?' म्हणतो, इंग्रज 'हं?' म्हणतात. नेदरलँड्सच्या नायमेगनमधल्या मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या 10 भाषा बारकाईने तपासल्या आणि 2013 साली सांगितलं की या कामासाठी सगळीकडे जवळपास हाच एक उच्चार आढळतो. त्यांना 2015 साली इग नोबेल मिळालं. मराठी त्या दहांत नव्हती, पण सांगलीच्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना कुणाला हाक मारून बघा, तोच 'अं?' येतो. त्यामुळे माझ्या मैत्रिणींनो, मुलांकडे परदेशी यायचं ठरत असेल आणि इंग्रजीची धास्ती असेल, तर वाक्यांची वही नंतर उघडा. आधी रेडिओ लावा, दोन माणसं बोलत असतील असा कार्यक्रम शोधा, आणि बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे कान द्या. तो कुठे 'म्हं' म्हणतो, कुठे 'ओह', कुठे 'डिड यू?', ते त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणा. नुसती मान डोलावून भागत नाही, फोनवर ती दिसत नाही, आणि आपलं ते मान हलवणं होकाराचं की नकाराचं हे इथल्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही.

सध्या माझ्या कानात 'येआ, नो' घुमतंय. काल बसमध्ये एका मुलीला विचारलं, खिडकी उघडली तर चालेल का, 'डू यू माइंड?' ती म्हणाली, 'येआ, नो, ऑफ कोर्स!' आणि स्वतःच उठून खिडकी उघडली. होकार आणि नकार एका दमात! मी घरी येईपर्यंत त्याच विचारात. मला वाटतं, 'येआ' म्हणजे तुमचं ऐकलं, आणि 'नो' म्हणजे मला हरकत नाही. लेक म्हणते, बरोबर पकडलंस आई. जावई म्हणतात, याचा उलटा 'नो, येआ'ही असतो आणि तो वेगळा. उद्या सकाळी त्याच बसने जाणार आहे.